शेडखालचा जावई

सकाळी नितीनचा, म्हणजे आमच्या मुलाचा, हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी सुमनसाठी थर्मासमध्ये चहा भरत होतो. "बाबा, आई गेली," म्हणाला. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आदल्या दिवशी भेटलो तेव्हा ती पार वाळली होती, तोंड मात्र चालू होतं. "अहो, माझ्या माघारी शेडखालच्या जावयाला हाकलू देऊ नका." मी म्हटलं, "अगं, स्वतःचं बघ. जावयाचं काय काढलंस?" हेच आमचं शेवटचं बोलणं. एवढी वर्षं संसार केला, आणि शेवट झाला एका जाड्या जनावरावर...

आम्हाला मुलगी नाही. तेव्हा हा जावई कुठला, ते सांगतो. अमेरिकेतल्या डब्लिनला नितीनकडं राहायला आलो त्या पहिल्याच थंडीत नात रेवा टीव्हीपुढं ओढत घेऊन गेली. टोप्या घातलेल्या माणसांनी एक घुशीसारखा, पण तिच्या चौपट प्राणी उचलून धरलेला. ग्राउंडहॉग. दोन फेब्रुवारीला त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. "आजी, नो शॅडो!" रेवा नाचायला लागली. मला हा खुळेपणा वाटला. सुमनला लगेच पटला. "आपल्याकडं पावशा नाही का ओरडत, पेरते व्हा, पेरते व्हा? तसाच हा." आणि त्याच महिन्यात बाईनं गोठलेल्या मातीवर कढत पाणी ओतून मेथी पेरली. चौथ्या दिवशी गुडघाभर बर्फ. मी पोट धरून हसलो. ती म्हणाली, "त्याचं काय चुकलं? तो त्याच्या गावापुरतं बोलला. आपल्याला आपला पाहिजे."

आपला सापडला उन्हाळ्यात, मागच्या शेडखाली. मेथी बुडापासून साफ करून मागच्या पायांवर ऐटीत बसलेला. मी काठी उचलली, तिनं हात धरला. "फुकट खातो, बोलत नाही, आणि मनाला येईल तेव्हा तोंड दाखवतो. जावईच की हो!" तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना वाण आणि दोन फेब्रुवारीला जावयाला गाजर. साडीवर माझं जाकीट, कानटोपी, रेवाचे बर्फातले बूट, अशा अवतारात ती बिळापाशी ठेवून यायची. संध्याकाळपर्यंत गाजर गेलं तर वसंत जवळ आला, हा तिचा स्वतःचा नियम. गाजर दर वर्षी इथली खार पळवायची, मला खिडकीतून दिसायचं. मी कुणाची भीड ठेवत नाही, पण तेवढं तिला कधी बोललो नाही.

ती गेल्यावर महिनाभरानं नितीन म्हणाला, "बाबा, शेडचा पाया खचतोय. ट्रॅपवाला बुक केलाय, शनिवारी येईल."

"कॅन्सल कर."

"बाबा, तुम्हीच त्याला रोज शिव्या द्यायचात! जस्ट खातो आणि खणतो तो."

"मग मलाही पिंजऱ्यात घाल. मी तर खणतसुद्धा नाही."

पोरगं हसलं. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं... आई गेल्यापासून एकदाही रडला नव्हता. सगळे फॉर्म, सगळे फोन त्यानंच केलेले. मला जवळ घेता येत नाही, सवय नाही. मी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जोरातच बसल्या. मग त्यानं फोन काढून शनिवार कॅन्सल केला. म्हणाला, "पण शेडचं काय?" म्हटलं, "पंप दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. चार विटा मला लावता येत नाहीत?"

परवा त्या विटाच लावत होतो. कोवळं ऊन पडलं होतं. बिळातून आधी नाक आलं, मग सगळा जावई, थंडीत निम्मा झालेला. बसला मागच्या पायांवर आणि बघायला लागला स्वयंपाकघराच्या खिडकीकडं. मी म्हटलं, "ती नाही रे आता. मीच आहे." घरात जाऊन फ्रिजमधली मेथीची अख्खी जुडी आणून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं आणि खायला लागला. मी पालथ्या बादलीवर बसून राहिलो. बराच वेळ.

त्याची सावली पडली होती का, ते बघायचं राहूनच गेलं.