उतारावरचा रोग

कोंडिबानाना चहा चालता चालता पीत. भोरहून उत्रोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. समोरच्या टपरीवरून चहा आला की ते पेला उचलायचे आणि दुरुस्तीला आलेल्या गाडीभोवती फेऱ्या घालू लागायचे. एक घोट बॉनेटपाशी, दुसरा मागच्या चाकापाशी. उरलेला चहा कुठल्या तरी मडगार्डवर निवून जायचा आणि मग आरडाओरडा, "माजा चा कुनी पिला रं?"

नाना मूळचे पासलीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातले. घरी शेरडं-मेंढरं, म्हशी. तरुणपणी एका ट्रकवाल्याबरोबर मेंढरं पोचवायला म्हणून खाली उतरले आणि वाटेत बंद पडलेला तो ट्रक उघडलेला बघून तिथंच रमले. खाली राहून सगळं आयुष्य गेलं तरी पायांतली डोंगराची चाल सुटली नाही. सखुकाकी, त्यांची बायको, म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी हाय. जेवताना सुदिक एक पाय उंबऱ्याभाईर." नाना त्यावर म्हणत, "आमच्यात एका जागी बसला तो आजारी तरी, न्हाईतर देवाघरी चालल्याला."

गाडी आली की ड्रायव्हर बोलू लागायचा, "नाना, मला वाटतं पंपच गेलाय." नाना तिथंच अडवायचे. "वाटतं का दिसलं?" "म्हणजे वाटतं…" "मंग गप ऱ्हा. तुला वाटतं, त्येला वाटतं, आनि पैलं मलाबी कायतरी वाटतंय. समद्यांचं वाटून झालं की मंग गाडीला इचारू." अलीकडे पोरं मोबाईल इंजिनाजवळ धरून त्यांना आवाज ऐकवायची. ते ऐकून घेत आणि वैतागत. "मोबाईलात समद्याच इंजनांना पडसं झाल्यालं असतं. गाडी घिऊन ये."

आमचा ट्रक वडिलांच्या वेळचा. वडील आणि नाना एका ताटात जेवलेले दोस्त. वडील गेल्यावर ट्रक माझ्याकडे आला. वेल्ह्याकडून भात आणायचं, भोरहून सिमेंट-पत्रे न्यायचे, कधी धनगरांची मेंढरं हलवायची, असं आमचं चालायचं. धाकटा भाऊ सुरेश जोडीला असे. एका वर्षी ट्रकला एक खोड लागली. पळताना काही नाही. पण उभा केला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन अडखळायचं. सारी केबिन थडथडायची, आरसे नाचायचे, मध्येच एक ठोका चुकल्यासारखं व्हायचं. कुणी म्हणालं इंजिन उघडा, कुणी म्हणालं पंप बदला. मी गाडी नानांच्या दारात नेली.

नानांनी इंजिन मंद चालू ठेवलं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला डिझेल नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांचे नट ते एकेक करून सैल करू लागले. पहिला सैल केला, इंजिन आणखी लंगडलं. घट्ट केला, सावरलं. दुसऱ्याला तेच. तिसरा सैल केला तेव्हा काहीच फरक पडला नाही.

"बगितलं का दिनू? चार गडी कामाला लावलं आनि एक नुसता उबा हाय. त्येला घरी धाडला काय आनि ठिवला काय, काम तितकंच."

तिसरं नोझल त्यांनी बदललं. इंजिन एका लयीत चालू लागलं. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातला चहासुद्धा हलेना. नाना खूश झाले. फडक्यानं हात पुसत म्हणाले, "गेला रोग. जा आता बिनघोर."

पुढं भाताची काढणी उरकली आणि आम्ही पासलीहून पोती भरून निघालो. सुरेश शेजारी बसला होता. गावाखालच्या उतारावर एक आडवं वळण आहे. त्याच्या आधी गिअर पाडायचा म्हणून मी क्लच दाबला. इंजिन खाली आलं, थडथडलं आणि बंद पडलं. गिअर पडेना. इंजिनाच्या जोरावर चालणारा ब्रेक एक-दोनदा लागला आणि मग पेडल दगडासारखं झालं. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला दरी. मी स्टेअरिंग दरडीकडं ओढलं. ट्रक घासत गेला, मोठा आवाज झाला आणि थांबला. सुरेशचा हात दरवाजा आणि दगड यांच्यात सापडला होता. कोपराच्या वर हाड मोडलं होतं.

त्याला दुसऱ्या गाडीनं दवाखान्यात नेलं. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्यानं आमचा ट्रक कसाबसा चालू करून उत्रोलीला आमच्या अंगणात आणून लावला.

दुसऱ्या दिवशी सुरेशला प्लास्टर घालून घरी आणला, तर नाना आमच्या अंगणात उभे. आई दारातूनच कडाडली.

"भावजी, तुमच्या भरवशावं लेकरं धाडली म्या. रोग गेला म्हनला व्हता ना तुमी?"

मला वाटलं नाना काहीतरी सांगतील. नोझल खरंच खराब होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जुनी गाडी, भरलेला माल, उतार, सांगायला पुष्कळ होतं. नानांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"व्हय वैनी. म्हनलो व्हतो. चुकलं माजं. एक रोग घावला आनि म्या दुसरा हुडकलाच न्हाई."

आई रडू लागली. नाना आत गेले नाहीत आणि माघारीही फिरले नाहीत. शेवटी आईच म्हणाली, "पानी तरी घ्या." त्यांनी पाणी घेतलं आणि ते थेट ट्रककडे गेले.

घरात ठरलं, ट्रक विकून टाकायचा. माझे हात स्टेअरिंगला लागत नव्हते. मार्गासनीचा एकजण बघायला येणार होता. त्याला आईनं एवढंच सांगायचं ठरवलं होतं की पोराचा हात मोडलाय, चालवायला माणूस नाही. नानांना हे कळलं तसे ते पुन्हा दारात.

"वैनी, गाडी इकायची तर इका. तुमची हाय. पन रोग घिऊन इकू नगा. तितं दुसऱ्या कुनाचा सुरेश बसंल."

"मंग काय करू? दारात ठिवून पुजू?"

"मला घावू द्या. मंग काय करायचं ते करा."

मार्गासनीच्या माणसाला आईनं निरोप धाडला, थोडं थांबा.

त्यानंतरचे नाना मी कधी विसरणार नाही. त्यांना जेवण सुचत नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्या गॅरेजसमोर ताटकळत आणि नाना आमच्या अंगणात ट्रकभोवती घिरट्या घालत. इंजिन चालू करत, ऐकत, बंद करत. अंगणात ते हटकून नीट चालायचं, अगदी शहाण्यासारखं. त्यानं नाना आणखीच चिडत. "हितं साळसूद आनि तितं गळा कापतोय," असं पुटपुटत ते रस्त्यापर्यंत जात आणि तिथून उलटे येत. सुरेशच्या खाटेपाशी येऊन तेच तेच विचारत. आदी थडथडला का थेट बंद पडला? क्लच दाबल्यावं का आदी? टाकीत डिझेल किती व्हतं? सुरेश वैतागून एकदा म्हणाला, "नाना, हात माजा मोडलाय, चौकशी ट्रकची करताय." नाना ओशाळले, बाहेर गेले आणि थोड्या वेळानं हातात केळी घेऊन परत आले. केळी खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "बरं, आता सांग, धूर कसला आला?"

शेवटी ते त्या टेम्पोवाल्याला शोधायला गेले. त्यानं ट्रक चालू कसा केला होता, हे कुणीच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "डिझेलच्या नळीत हवा धरली व्हती. इंजनाचा हातपंप मारून काढली, झाला चालू."

नाना तिथून जवळजवळ पळतच आले. "दिनू! हवा काढली म्हनतोय त्यो! काढली ते खरं, पन आत आली कुठनं?"

टाकीकडून इंजिनाकडे डिझेल ओढून नेणाऱ्या नळीच्या वाटेत, फिल्टरच्या अलीकडे, त्यांनी हातभर पारदर्शक नळी बसवली. आतलं डिझेल दिसावं म्हणून. अंगणात इंजिन चालू केलं. नळी भरलेली, काचेसारखी स्वच्छ. एकही बुडबुडा नाही.

"आता हितं कान लावून काय उपेग न्हाई," नाना म्हणाले. "जितं मेला तितंच न्यायचा."

ट्रक चालवायला मी तयार झालो नाही. नानांनी मला काही सुनावलं नाही. स्वतः बसले आणि रिकामा ट्रक पासलीच्या उतारावर घेऊन गेले. मी मोटारसायकलवरून मागं. वळणाच्या बरंच वर त्यांनी ट्रक खालच्या दिशेला तोंड करून थांबवला, हँडब्रेक ओढला. आम्ही चाकांपुढं मोठाले दगड लावले. इंजिन मंद चालू ठेवून नाना त्या नळीपाशी बसले. मी दुसऱ्या बाजूनं वाकलो. थोडा वेळ काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा नळीतून सरकत गेला. मागून आणखी एक. मग ओळच लागली. इंजिन थडथडू लागलं.

"आलं! आलं बग!" नाना ओरडले. त्या आवाजात आनंद नव्हता. पोराला बुडवणारा डोह सापडल्यावर माणूस ओरडेल, तसा तो आवाज होता.

इंजिन बंद केलं आणि ते गाडीखाली गेले. चेसिसला घासून रबरी नळीला एका ठिकाणी चीर पडली होती, वरच्या अंगाला, बघून दिसणार नाही अशी. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती खचली होती. गाडी उताराला लागली की इंजिन पुढं झुकायचं, नळी ताणली जायची आणि चीर उघडायची. डिझेल बाहेर गळत नव्हतं, हवा आत शिरत होती. सपाटीला चीर पुन्हा मिटायची. नानांनी माझं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं. "दिसत न्हाई. हाताला लागती का?" लागली. नखाएवढी.

नळी आणि रबरं, दोन्ही बदलली. तरी नाना "झालं" म्हणेनात. म्हणाले, "दिनू चालवंल. म्या शेजारी बसतो, सुरेश बसला व्हता तितं." मी नाही म्हणालो. आई हे सगळं ओट्यावरून ऐकत होती. तिनं पदर खोचला.

"म्या बी येती. दोगं बसलं तर मी घरात काय करू?"

तिघं निघालो. पासलीच्या वरून ट्रक वळवला आणि उतार सुरू झाला तसा माझा पाय ब्रेकवरून हलेना. नाना समोर बघत म्हणाले, "हँडब्रेकवं माजा हात हाय. क्लच दाब." मी दाबला. इंजिन खाली आलं. आईनं डोळे मिटून घेतले. इंजिन संथ चालत राहिलं, एकेक ठोका मोजून घ्यावा असं. "सोड. पुन्यांदा दाब." त्या वळणाआधी त्यांनी मला तसं कितीदा तरी करायला लावलं. वळण गेलं. मार्गासनीच्या अलीकडे आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आता हळू चालीव. पोटात कालवतंय माज्या." नाना मोठ्यानं हसले. त्या साऱ्या दिवसांत पहिल्यांदाच.

ट्रक आम्ही विकला नाही. सुरेशचा हात बरा झाला, आता अर्ध्या खेपा तोच करतो. नाना मात्र बदलले. कुणाची गाडी मंद चालताना अडखळते असं ऐकलं की पहिला प्रश्न, "कुठं?" आणि मग त्या रस्त्यावर जाण्याचा हट्ट. वय झालं, गुडघे बोलू लागले, तसं त्यांच्या लेकीनं गॅरेज बंद करायला लावलं. नाना वर धनगरवाड्यावर परत गेले. सखुकाकींच्या म्हशी आणि नानांच्या येरझाऱ्या.

गेल्या उन्हाळ्यात निरोप आला. आम्ही दोघं भाऊ आणि आई वर चढून गेलो. खालून बरेच ड्रायव्हर आले होते. काकी सांगत होत्या, "ओढ्यावरचं पान्याचं इंजन सकाळपसनं चुकतंय म्हनत व्हते. मला तर कायबी ऐकू येत न्हवतं. म्हनलं, हितूनच सांगा गड्याला काय करायचं ते. तर म्हनले, हितं बसून सांगत न्हाई, खाली जाऊन बगतो. अर्ध्या वाटंवं बसलं, ते उठलंच न्हाईत."

सगळं उरकल्यावर, ओढ्यावर अंघोळी झाल्या तरी कुणाचा पाय निघेना. इंजिन तिथंच होतं. वर म्हशी पाण्यावाचून ओरडत होत्या. मी आणि सुरेश त्या इंजिनापाशी बसलो. चालू केलं. नीट ऐकलं तेव्हा कळलं, मधूनच एक ठोका खरोखर चुकत होता. सुरेशनं झाकण उघडलं. फिल्टर गाळानं भरलेला होता. साफ केला, हवा काढली, पुन्हा चालू केलं. आवाज सरळ झाला आणि वर नळीतून पाणी पडू लागलं.

काकींनी वरून हाक मारली, "झालं का रं?"

सुरेशनं माझ्याकडं पाहिलं. मी इंजिनावर हात ठेवून होतो.

"आनिक थोडा येळ बगतो, काकी," मी ओरडून सांगितलं.