बेंबीजवळची चिमटी

आमच्या घरी बाथरूमच्या फरशीवर मुंग्यांची रांग दिसली, की अजूनही बोलणं थांबतं. कुणी ती लगेच धुऊन टाकत नाही. आधी बघतो, ती कुठून निघते आणि कुठे जाते. इतरांच्या घरी खडूची एक रेघ ओढली की काम भागतं. माझा धाकटा भाऊ ज्या उन्हाळ्यात मरता मरता वाचला, त्या उन्हाळ्यात मुंग्या रोज येत होत्या, आणि आम्ही सगळे त्याच्या पोटाकडे बघत होतो.

मी पत्रकांवर वाढले. बाबा बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत कामाला, आणि उरलेला सगळा वेळ युनियनमध्ये. गाद्यांखाली, कपाटावर, गॅलरीत पत्रकांचे गठ्ठे असत, मराठी वेगळे, गुजराती वेगळे. भाऊ आणि मी समोरासमोर बसून घड्या घालायचो. बाबांचा नियम होता की एका पत्रकात एकच मागणी घालायची. दोन घातल्या की समोरच्याला दोन्ही टाळायला जागा मिळते. मी कॉलेजात गेल्यावर स्वतःची पत्रकं काढायला लागले. गोत्री रोडवर जिमच्या जाहिराती लागल्या होत्या, पोटावर जाळी कोरलेले पुरुष, खाली डब्यातल्या पावडरीचं चित्र. माणसाला स्वतःच्या पोटाची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवरचं औषध विकायचं, हा धंदा आहे, असं मी लिहिलं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. भाऊ त्याच पत्रकाने पावडर घुसळायचा शेकर पुसायचा. "ताई, तुझी पत्रकं भारी असतात," तो म्हणायचा, "पाणी लगेच शोषतात."

तो दोन ठिकाणी जायचा. रविवारी पाणीगेटच्या तालमीत, बाकी दिवस गोत्रीतल्या काचेच्या जिममध्ये. तालीम घराण्यातून आली होती. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि त्यांचा उघड्या अंगाचा फोटो तालमीच्या भिंतीवर अजून आहे. भावाने लहानपणीच ठरवलं होतं, की आपली छाती त्या फोटोइतकी झाली पाहिजे. पुढे छाती बाजूला राहिली आणि पोट आलं, कारण हिवाळ्यात शहरात शरीरसौष्ठवाची स्पर्धा असते आणि तिथे पोट बघतात.

तालमीत रविवारची एक रीत होती. वस्ताद सगळ्यांना ओळीत उभं करायचे आणि प्रत्येकाच्या बेंबीजवळची कातडी अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे ओढायचे. हातात येणाऱ्या घडीची जाडी ते खाण्याच्या पदार्थांत सांगायचे. जाड रोटला, पुरी किंवा पातळ खाकरा. रोटला आला की म्हणायचे, "सुकव." खाकरा आला की, "भर." एवढंच. कोणी किती खायचं आणि किती महिने, ते त्या एका शब्दावर ठरायचं. जिममध्ये याच गोष्टीला कट आणि बल्क म्हणत. तिथल्या कोचकडे लोखंडी चिमटा होता, चरबीचा टक्का सांगणारा वजनकाटा होता, आणि दर आठवड्याला तो एकाच ट्यूबलाइटखाली समोरून, बाजूने, पाठीकडून असे फोटो काढायचा.

ही माणसं अडाणी होती असं कुणी समजू नये. कोच सांगायचा ते बरोबर होतं. काट्यावरचा टक्का पाण्याच्या एका बाटलीने बदलतो. आरसा वरच्या दिव्याखाली खोटं बोलतो. कंबर कमी होतेय आणि उचलायचं वजन टिकून आहे, तर चरबी जातेय, चालू दे. उचलायचं वजनच उतरायला लागलं, तर मांस जातंय, कट थांबव आणि भरायला लाग. जेवणाच्या ताटावर भाऊ आम्हाला हे समजावून सांगायचा, आणि मी शरीर कुणाच्या मालकीचं यावर भाषण द्यायचे. आई दोघांना पोळी वाढायची.

उत्तरायणात उंधियू आणि जलेबी खाऊन झाल्यावरच्या रविवारी वस्तादांनी त्याला रोटला सांगितला. कट सुरू झाला. पोळ्या निम्म्या झाल्या, साखर बंद. होळीपर्यंत तो पुरीवर आला. सगळं रीतसर, कोचने सांगितल्या वेगाने. मग ऊन चढलं आणि तो भराभर उतरायला लागला.

त्याला तहान लागायची. बडोद्याच्या उन्हाळ्यात कुणाला लागत नाही? शिवाय जिमवाले सगळेच ती मोठी बाटली घेऊन फिरतात, पाणी प्यायलं की कट चांगला बसतो म्हणतात. तो सारखा बाथरूमला जायचा, कारण एवढं पाणी प्यायचा. थकायचा, कारण कमी खात होता. त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायचा, आणि पावडर आंब्याच्या चवीची होती. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि ते पुढच्या गोष्टीच्या आधीच हजर असायचं. माझंही होतं. ही त्या पावडरीची करणी, असं मी ठणकावून सांगायचे, आणि त्यावर तो दार लावून घ्यायचा.

त्याच्या बेंबीखाली निळ्या शिरा दिसायला लागल्या. कोचने त्याचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावून जिमच्या भिंतीवर चिकटवले. तिथली मुलं त्याला शर्ट वर करायला लावायची. पाणीगेटला वस्तादांनी चिमटी धरली आणि सोडलीच नाही. ओळीतल्या बाकीच्यांना जवळ बोलावून म्हणाले, "बघा रे, हा खाकरा पण नाही, पापड आहे. याला म्हणतात सुकवणं." भावाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याच्या गालफडांत खड्डे पडले होते आणि तो हसत होता.

तेवढ्यात त्याच्या हातून रोजचं वजन उचललं जाईना. कोचने नियम लावला. ताकद उतरली, म्हणजे कट पुरे, आता भर. वस्तादही तेच म्हणाले. आईला तर हेच ऐकायचं होतं. केळी, भात, बटाटे, तुपातला शिरा. तो मागून मागून खायचा. एवढं खाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि तो आणखी वाळत गेला. बाबांनी त्याच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून दिलं. जिममध्ये त्याचा हेवा सुरू झाला. खातो राक्षसासारखा आणि अंगाला काही लागत नाही, नसीबवाळो छे, असं म्हणत. आई म्हणाली, लोकांची नजर लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मुंग्या त्याच दिवसांत आल्या. भिंतीच्या फटीतून निघून त्या संडासाच्या भांड्याच्या कडेशी जमायच्या. आई सकाळी मगभर पाणी ओतायची, दुपारी पुन्हा तेवढ्याच असायच्या. तिला वाटलं तो शेकर तिथे विसळतो.

"गोड पावडर सांडून ठेवतोस," ती म्हणाली, "मुंग्यांना काय, मेजवानीच."

"मी किचनमध्येच धुतो, आई."

"मग ह्या काय तुला भेटायला येतात?"

आम्ही हसलो होतो. मला ते हसणं आठवतं, कारण त्यानंतर त्या बाथरूममध्ये कुणी हसलं नाही.

एका दुपारी मी घरी आले तर तो सोफ्यावर होता आणि जड वजन नुकतं खाली ठेवल्यासारखा श्वास घेत होता. खोल, भरभर, न थांबता. त्या दिवशी तो जिमला गेलाच नव्हता. खोलीभर तो फळाचा वास होता. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही. बाबांनी आणि शेजारच्यांनी मिळून त्याला खाली रिक्षात बसवलं. उचलताना बाबा दचकले ते मी पाहिलं. हातात काही आलंच नाही, असं ते नंतर म्हणाले.

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्याहून फार मोठी नसेल. तिने पाण्याबद्दल विचारलं, बाथरूमबद्दल, वजनाबद्दल. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, लघवीला मुंग्या लागतात का? आई माझ्याकडे बघायला लागली.

"होत्या," ती म्हणाली. "मी रोज धूत होते."

डॉक्टरने समजावलं ते असं. त्याच्या शरीरात इन्शुलिन तयार व्हायचं थांबलं होतं. खाल्लेली साखर अंगाला न लागता लघवीतून बाहेर पडत होती, आणि शरीर जगण्यासाठी स्वतःची चरबी आणि मग स्वतःचं मांस जाळत होतं. कुणाची पावडर नाही, कुणाची नजर नाही. आणखी एक दिवस गेला असता तर, एवढं बोलून ती थांबली. ज्याचे फोटो भिंतीवर लागले होते ती ही आग होती.

तो वाचला. घरी सोडताना नर्सने त्याला शिकवलं. बेंबीपासून दोन बोटं बाजूला जायचं, कातडी चिमटीत धरायची आणि सुई टोचायची. रोज, जेवणाआधी, आयुष्यभर. त्याने स्वतःच्या पोटाला चिमटी लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वस्ताद आता रोज घरी." मी त्या विनोदावर त्याला मिठी मारली.

इन्शुलिनने तो भरला. गाल वर आले, नवरात्रात तो रात्रभर गरबा खेळला, आई लांबून बघत राहिली. मला वाटलं संपलं. पण तो पाणीगेटला गेला आणि वस्तादांनी चिमटी धरून पुरी म्हटलं, पुढच्या वेळी रोटला. जिममध्ये जुने फोटो अजून भिंतीवरच होते. त्यांच्याखाली उभं करून मुलं त्याला विचारत, लगन करी लीधां के शुं, सासरचं जेवण चालू आहे वाटतं. त्याला बरं झालेला माणूस म्हणून कुणीच पाहिलं नाही. तिथे सुकणं किंवा भरणं, एवढंच मोजलं जात होतं. कोचने स्पर्धेसाठी त्याचं नाव दिलं आणि सांगितलं, वेळ थोडा आहे, कट लाव. सुईबद्दल कोचला काही ठाऊक नव्हतं. भावाने सांगितलंच नव्हतं.

दिवाळी झाली. तो पुन्हा उतरायला लागला, फार लवकर. मी विचारलं की म्हणायचा, पोळ्या कमी केल्यात, चालायला जातो. सुई तो आपल्या खोलीत दार लावून टोचायचा. इन्शुलिनचं पेन फ्रिजमध्ये तुपाच्या डब्याशेजारी असायचं, आणि ते जागेवर आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही समजत होतो. जिममध्ये पुन्हा शर्ट वर करायला लावणं सुरू झालं. पाणीगेटहून तो एका रविवारी परत आला तेव्हा आईने भीत भीत विचारलं, काय म्हणाले वस्ताद? खाकरा, तो म्हणाला. त्याच्या हातात पाण्याची ती मोठी बाटली होती.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सकाळी आईने मला बाथरूममधून हाक मारली. मोठ्याने नाही. मी गेले तर ती हातात भरलेला मग धरून उभी होती आणि पाणी ओतत नव्हती. भिंतीच्या फटीतून रांग निघाली होती.

मी फ्रिज उघडला. पेनमधलं औषध मागे कधी तरी पाहिलं होतं त्याच रेघेवर होतं. ते घेऊन मी त्याच्या खोलीत गेले. तो आरशासमोर उघडा उभा होता, दिवा डोक्यावर येईल असा. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"स्पर्धेपुरतं, ताई. नंतर सगळं भरून काढतो."

माझ्या डोक्यात जिम, वस्ताद, होर्डिंगं, सगळ्यांवर एकदम पत्रक उभं राहिलं होतं. वर्षभर साठलेल्या वीस मागण्या होत्या. मी त्यातली एकच केली.

"टोच."

तो हलला नाही. तोच वास पुन्हा खोलीत होता, अजून हलका. बाबा दारात आले, त्यांनीही तो ओळखला. आयुष्यभर गेटवर उभं राहून भाषणं केलेला माणूस चप्पल घालून रिक्षा आणायला खाली गेला.

आई आत आली. तिने त्याला खांद्याला धरून पलंगावर बसवलं, पदराला हात पुसले, आणि बेंबीच्या बाजूला दोन बोटांनी कातडी धरली. तिला चिमटी मिळेना. पुन्हा धरली, निसटली. तिसऱ्यांदा जे हातात आलं ते तिने उजेडाकडे वळवून पाहिलं. जवळजवळ काहीच नव्हतं.

"एवढ्याशा चिमटीत सुई जाईल ना ग?" तिने मला विचारलं.

भाऊ खाली मान घालून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. मी टोपण काढलं आणि पेन तिच्या हातात दिलं. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. बाथरूमचं दार उघडंच होतं आणि मुंग्या येत होत्या.