जावयानं पळवलेली हरणी

धोंड्याचा महिना होता. लेक-जावई जेवायला आल्ते, नवी कोरी जीप घेऊन. अधिकात जावई म्हणजे देव. त्याला ओवाळायचं, अनारशाचं वाण द्यायचं अन् तो बोलंल त्याला बराबर म्हणायचं. वाटूरहून आमच्या गावाकडं येणाऱ्या रस्त्याला त्यांनी नावं ठेवली, तरी मी म्हणलं, बराबर हाय जावईबापू.

जेवता जेवता त्यांनी मोबाइलवर चित्ता दाखवला. "बघा मामी, जगात याच्याइतकं जल्दी कोणी पळत न्हाई." काय पळत होता! डोळ्याचं पारणं फिटलं. पण हरणानं ऐन वेळी वळण घेतलं अन् गडी थांबला. बसला जाग्यावर, छाती भात्यासारखी हलत होती. पोट खपाटीला गेलेलं, तरी पुन्हा मागं धावला न्हाई. जावई म्हणाले, "आपल्याकडचे माणसांनीच शिकार करून संपवले. आता आफ्रिकेतून विमानानं आणलेत, केवढा खर्चा!" म्हणजे सगळं माहीत होतं हो त्यांना.

दुपार कलल्यावर म्हणाले, चला, रान दाखवा. लेक पुढं बसली, मी मागं. आमच्या शेताला लागून गायरान हाय, तिथं काळविटांचा कळप असतो. हरभऱ्याच्या दिवसात मी त्यांना कमी शिव्या घालत न्हाई. मुडदा बशिवला तुमचा, म्हणते. पण ती आमची हायेत. त्यातली एक हरणी व्यायला आल्ती. मी रोज बांधावरून तिला बघायची, आज व्याली का उद्या म्हणून.

जावयांनी कळप बघितला अन् गाडी रस्त्याखाली घातली. "मामी, आता बघा चित्ता!" बाकीची हरणं उड्या मारत पांगली. ही पोटानं जड, हिला वळता येईना, गाडीपुढं सरळ पळत सुटली. मी वरडले, "अवो थांबवा! गाभण हाय ती!" ते हसत गाडीच्या वेगाच्या काट्याकडं बोट दाखवून राह्यले. लेक "अहो, पुरे की" म्हणत होती. खरा चित्ता केव्हाच दमून बसला असता. पण डिझेलला कुठं धाप लागती?

बांधापाशी हरणीचे पुढचे पाय दुमडले. मी गाडीतून उतरून धावले. अंगाला खरचटलं बी न्हाई, पण तोंडाला फेस, पाय थरथरा कापत होते. बाटलीतलं पाणी शिंपडलं, पदरानं वारा घातला. ती गेली. पोटातलं पिल्लू थोडा वेळ ढुसण्या देत होतं, मंग तेबी थांबलं.

"मी तर हातबी लावला न्हाई," जावई म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "भूक होती का तुम्हाला? आत्ताच धोंडे खाऊन उठलात ना? तिकडं चित्त्याला विमानानं आणायचं अन् इकडं हरणं गंमत म्हणून मारायची? मंग त्यानं काय खायचं, माती? लाज वाटू द्या जरा!" अन् तिथूनच मी वनखात्याला फोन लावला.

"अधिकात जावयावर केस करता, मामी?" जावयांचं हसू गेलं. त्यांनी घरी फोन केला तसे आमचे मालक धावत आले, मला बाजूला ओढून म्हणाले, "येडी झालीस का? पोरीला त्याच घरात नांदायचंय." हरणी माझ्या डोळ्यादेखत मेल्ती अन् लेकीचा संसार समोर उभा होता. संताप गिळता येईना, बाहेर काढता येईना.

दिवस मावळायच्या आत वनरक्षक आला. "काय झालं हिला?"

"उन्हानं पडली असंल, साहेब," मालक म्हणाले. जावयांनी मान हलवली. वनरक्षकानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

लेक पुढं आली. "उन्हानं न्हाई. पळवून मारली. मी पुढच्या सीटवर होते," ती म्हणाली. "चालवणारा नवरा हाय माझा. लिहा."