आक्काच्या लुगड्याची डावी गाठ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आधीच सांगते, नाहीतर खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच — आजी, दाराला लिंबू-मिरची बांधा. मिरची मी कालवणात घालते आणि लिंबू सरबतात. तरुणपणीही अशीच होते... म्हणजे दिवसा. दिवसा पारावरच्या बायकांना विज्ञान शिकवायची आणि अंधार पडला की परसाकडं जाताना आक्काचा पदर धरून चालायची. सातवी पास होते ना, मोठी पंडिता!

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नेकनूरपासून जरा आत आमची वस्ती — थोडी शेती, थोडी शेरडं-मेंढरं. दोघींचे नवरे गेले, आता घरात आम्ही दोघीच. आक्काचा मुलगा बबन मांजरसुंब्याला ढाबा चालवतो, अधूनमधून येतो. आक्काला विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. नावं कधीच गेली होती. मला कधी 'धाकटी' म्हणायची, तर कधी 'ही कोन बया?' पण हात सगळं करायचे. भाकरी थापायची, अंघोळ करायची, नऊवारी लुगडं तर डोळे मिटून नेसायची.

आणि गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी हे सगळं एकदम गेलं. न्हाणीतून बाहेर आली ती लुगडं हातात धरून. मला विचारते, "ह्याचं काय करत्यात गं?" मला वाटलं, चेष्टा. चहा दिला तर कप कानाला लावला. मी हसले... आणि हसू तोंडातच राहिलं.

बबन धावत आला. "काकू, हा आजार न्हाई. एका रातीत आसं व्हतंय का कुनाचं? बाहेरचं हाय. देवरुषाकडं नेतो."

त्या देवरुषाची रीत मला ठाऊक होती. खोलीत कोंडून मिरचीची धुरी आणि वर वेताची छडी. पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी तिथून आली ती पुन्हा अंथरुणातून उठली नाही. मी दारात आडवी उभी राहिले. "आधी बीडचा डॉक्टर. मला ओलांडून न्यायचं तर ने."

डॉक्टरांनी तपासलं, अंगात ताप निघाला; म्हणाले लघवीत इन्फेक्शन आहे, या आजारात त्यानं असं अचानक होतं. औषध दिलं. ताप उतरला, कप पुन्हा तोंडाला लागला. लुगडं मात्र परत आलं नाही. ते रोज मी नेसवायची. बबन म्हणाला, "पोळ्यापातुर बघतो. मग कुनाचं ऐकनार न्हाई."

पोळा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. मला बाजाराला जायचं होतं, एसटी चुकेल म्हणून आक्काला परकर-झंपरावरच ठेवलं. लुगडं घडी करून बाजेवर. ती भटकत हायवेवर जाते म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. दुपारी आले. कुलूप तसंच. दार उघडलं तर परकर बाजूला पडलेला आणि आक्का बाजेवर ताठ बसलेली — लुगडं नेसून! निऱ्या कशा, कासोटा कसा, एक चूक नाही.

चूक नव्हती, पण सगळं उलटं होतं. आमच्या घरात पदर डाव्या खांद्यावर, गाठ उजवीकडं. आक्काचा पदर उजव्या खांद्यावर, गाठ डावीकडं.

असं नेसणारी बाई आमच्या घरात एकच होऊन गेली. आमची सासू, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या डावखुऱ्या होत्या. मी नवी नवरी असताना एका मेंढ्यामागं धावले आणि चुलत सासऱ्यांच्या देखत माझं लुगडं सुटून पायात आलं. (विज्ञान येत होतं हो, गाठ येत नव्हती!) आत्याबाईंनी मला भिंतीआड ओढलं, डाव्या हातानं गाठ मारली आणि म्हणाल्या, "आवळ की गं, वाऱ्यानं सुटंल!" अशी आवळली की कमरेवरचा वळ दुसऱ्या दिवशीही गेला नाही. त्यांना जाऊन तीसेक वर्षं झाली.

आता म्हणाल, आक्काच्या हातांना जुनं आठवलं असेल. मीही तेच म्हणाले असते. पण आक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं ऊसतोडीत कोयत्यानं गेलेली. गाठ ती उजव्या हातानंच आवळायची; डाव्यात नाडी ओढण्याइतकाही जोर नाही.

"आक्का, कुनी नेसवलं?"

"तिनं."

"ती कोन?"

"तुला लई बोलती ती." आणि आक्का खुदकन हसली.

तेवढ्यात बाहेर बबनची मोटारसायकल. तो आत आला, बघतच राहिला. "काकू... ही तर आजीची गाठ! आईच्या अंगात आजी आली का?"

"येडपटा, मीच नेसवलं," मी ठोकून दिलं. "समोर उभं राहून नेसवलं की डावं-उजवं उलटं पडतं."

"रोज न्हाई पडत, आजच कावून?"

"म्हातारी झाले."

"मंग उद्या माझ्यासमोर नेसव." आणि गडी मुक्कामालाच राहिला.

सकाळी तो दारात पाठमोरा बसला, गाठ मारली की हाक मार म्हणाला. ज्या बाईला सरळ गाठ धड येत नव्हती ती आता उलटी मारणार! पहिली सुटली. बबननं मान वळवली. मी पुन्हा टोकं धरली. तोच आक्कानं माझ्या मनगटावर चापट मारली — "आवळ की गं, वाऱ्यानं सुटंल!"

माझ्या अंगावर काटा आला. बबन मात्र हसला, कितीतरी महिन्यांनी. "काकू, आई तुला शिकवाया लागली की!" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पोळा झाला. देवरुषाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून रोज मी उलटंच नेसवते. वस्तीवरच्या बाया म्हणतात, धाकटीचं बी डोस्कं गेलं. जाऊ द्या. बंद घरात त्या दिवशी काय झालं ते मला कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, देवरुषाला तर सात जन्म विचारणार नाही. विश्वास माझा आजही नाही.

फक्त... त्या रात्री आक्काची गाठ सोडता सोडता माझी नखं मोडली होती आणि तिच्या कमरेवर तसलाच वळ होता. म्हणून हल्ली बाजाराला निघाले की कुलूप लावायच्या आधी आत तोंड घालून सांगते — "आत्याबाई, यायचं तर या, घर तुमचंच आहे. पण गाठ जरा सैल मारा. सोडायला मला लागते!"