मुदतीच्या तापाचं पथ्य

अकोल्याच्या जनाना दवाखान्यात मला सगळे पथ्याची बाई म्हणत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलेलं खाणंपिणं प्रत्येक खाटेपर्यंत पोचवायचं आणि त्याबाहेरचं काही रोग्याच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. नागपूरला आठ महिने शिकून आले होते. वय चोवीस. शिकवलेलं सगळं खरंच असतं, असं तेव्हा मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात पातूरकडून एक जण बायकोला बैलगाडीत गवतावर निजवून घेऊन आला. भाजीपाला पिकवणारं घर. ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. वांग्याच्या काट्यांनी तिची बोटं ओरबाडलेली होती. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आणि दुसरा आठवडा लागलेला. या तापात आतड्याला जखमा होतात, घट्ट अन्न गेलं की आतडं फाटतं, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून बार्लीचं पाणी, फाडलेल्या दुधाची निवळी आणि गाळलेला संत्र्याचा रस, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात ताप जरा उतरला आणि तिला भूक लागली. मी वाटी घेऊन गेले की ती पदर धरायची.

"बाई, मले भाकर द्या ना वो. इतकुशी."

"ताप गेला की देईन."

"उद्या जाईन ताप. मंग तं देसान?"

मी हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका सकाळी मी वॉर्डात शिरले तर नवरा तिच्या खाटेशी वाकून उभा. त्याच्या उपरण्यात ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी होती. एक घास तिच्या तोंडात गेला होता. ती डोळे मिटून चावत होती. मी धावले, तिचा जबडा धरला आणि बोट घालून तो घास बाहेर काढला. तिनं माझ्या बोटाला चावा घेतला नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

"तुम्हाला बायको जिवंत हवी की नको?" मी सगळ्या वॉर्डासमोर त्याला विचारलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "तिले भूक लागून राहिली जी."

त्यानंतर त्यानं काही आणलं नाही. भेटीच्या वेळेला यायचा, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा.

चार दिवसांनी तिनं भाकर मागणं सोडलं. मला बरं वाटलं. पोरीला पथ्य कळलं, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंसुद्धा. तिच्यात मागण्याइतकं बळच उरलं नव्हतं, हे मला दिसलं नाही. पुढच्या दिवशी दुपारी ती गेली. मी पाजलेलं बार्लीचं पाणी ओठांच्या कडेनं उशीवर ओघळलं होतं.

नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आतडं फाटलं का जी?"

"नाही."

"मंग काहून गेली?"

"फार अशक्त झाली होती."

"म्हंजे उपाशी गेली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. ऐकलेलं नीट समजलं ना, एवढंच जणू तो पाहत होता.

काही वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. तिथं नवे डॉक्टर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुदतीच्या तापाच्या एका रोग्याला दूध, अंडं आणि मऊ भात लिहून दिला. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. चूक झाली असेल म्हणून.

"चूक नाही," ते म्हणाले. "उपाशी ठेवल्यानंच ही माणसं खचतात. बाहेरच्या देशांत हे कधीचंच बदललंय."

"कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. ती पातूरची पोर दवाखान्यात आली, त्याच्याही बऱ्याच आधीपासून.

तो रोगी बरा होऊन घरी गेला. मी रजा टाकली आणि पातूर गाठलं. शोधत शोधत मळ्यात पोचले. तो कोबीला पाणी देत होता. दुसरं लग्न झालं होतं, दोन लेकरं बांधावर खेळत होती. त्यानं मला लगेच ओळखलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: तिला खायला द्यायला हवं होतं, आणि मी तोंडातला घास काढला.

त्यानं फावडं मातीत रोवलं. पाणी एका वाफ्यातून भलतीकडे फुटलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"तुमाले जसं शिकवलं तसं तुमी केलं," तो म्हणाला. "पण तिच्या मायले नका सांगू. ते बुढी अजून जिती हाये."

तिच्या आईचं घर गावात शिरतानाच लागतं, असंही त्यानं सांगून ठेवलं. परतताना ती म्हातारी ओट्यावर शेंगा निवडत बसलेली दिसली. तिनं मान वर करून विचारलं, "कोनाकडे आली होती वो बाई?"

मी म्हटलं, "भाजी पाहायला," आणि पुढे निघाले.