दहा दिवस जेवलो, समुद्र राहिला

देवळीहून हर्णैला समुद्रावर जायचा दहा दिवसांचा कार्यक्रम पाठवायचा होता बायकोला, आणि मी तो टाकला आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. कोणत्या दिवशी कोणत्या गावावरून, किती वाजता, मुक्काम कुठे, सगळं. मी शाळेत बाबू आहे. वेळापत्रक करताना माझ्या अंगात येतं. पुसून टाकेपर्यंत अमरावतीच्या आत्याचा फोन. "आमच्या दारावरून जाऊन राह्यला अन् पान्यालेही थांबनार नाई?"

बायकोने महिनाभर आधी बजावलं होतं, "कोनाले सांगू नका. आपल्या लोकाईले कळलं की समुद्र गेला."

ती चौथीला शिकवते. वीस वर्षं भरती-ओहोटी फळ्यावर काढते आहे, समुद्र मात्र पाहिलेला नाही. हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यला का?" खोटं बोलणं हिला जमत नाही. "उन्हाळ्यात पाहून येतो, मग सांगतो," म्हणाली. घरी आली तीच सुट्टीचा विषय घेऊन.

तर अमरावती. आमच्याकडे पाणी म्हणजे चहा, चहा म्हणजे जेवण आणि जेवण झालं की सुनेची ओटी. आत्याने पाटवडीरस्सा केला होता. जेवून उठलो तर म्हणाली, "आज अमावस्या. अमावस्येले ओटी भरत नाई. उद्या जाजा." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी रश्श्याच्या भांड्याकडे.

आत्याच्या सुनेने ताटांचे फोटो ग्रुपवर टाकले. ते पाहून अकोल्याचा मामेभाऊ रस्त्यावर येऊनच उभा. "तुह्या आत्याकडे दोन दिवस राह्यला. आमच्याकडे एकच दिवस राह्यला तर माह्या बायकोनं काय समजाचं?" मी म्हणालो, बरोबर आहे. काय बरोबर होतं ते मला आजही सांगता येत नाही. तीन दिवस आमरस. वाटी रिकामी झाली की वहिनी मागून भरायच्या आणि वर म्हणायच्या, "भाऊजी लाजून राह्यले." मी लाजत नव्हतो, माझं डोकं फिरलं होतं, पण तोंडात कुरडई असताना माणसाने रागावायचं कसं? पुढे बुलढाण्याला साडू. त्यांनीही फोटो पाहिलेच होते.

पोरगी कॉलेजात आहे. गाडीत मागून म्हणाली, "बाबा, आपन पाहुनपनालेच निंगालो होतो का?" मी तिच्यावर ओरडलो. ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नाही.

पुण्याला चुलतकाकांकडे पोचलो तो सातवा दिवस. समुद्र सकाळी निघून दुपारी गाठण्याइतका जवळ. काका आम्हाला संध्याकाळी खाली घेऊन गेले. त्यांच्या इमारतीत पोहायचा हौद आहे. "समुद्र समुद्र काय करता सूनबाई, हे पाहा. पानी बी सोच्छ." निळ्या फरशीच्या त्या डबक्यापाशी बायको पदर धरून उभी राहिली. काका फोटो काढत होते. काकांना उचलून त्यातच टाकावं असं मला वाटलं. मी म्हणालो, "छान आहे काका."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता बायको गाडीत जाऊन बसली. मी चावी फिरवली. काका खिडकीशी आले. "जा तुमी. मी काई म्हनत नाई. आज सत्तर पुरे झाले मले, लोक येतीन संध्याकाळी, इचारतीन गावचे पाहुने कुठं गेले. सांगू काईतरी."

मी चावी उलटी फिरवली.

बायको खाली उतरली, वर गेली आणि काकूंच्या हातातून कणकेची परात घेतली. दिवसभर पुऱ्या लाटल्या. माझ्याशी एक अक्षर नाही. उरलेले दोन दिवस परतीच्या रस्त्यात गेले, कारण सोमवारी मला हजर व्हायचं होतं. शाळेच्या बाबूवाचून कोणाचं काय अडतं? पण मी सुट्टी वाढवून मागितली नाही. मागायची म्हणजे पुन्हा कोणाला तरी काहीतरी म्हणावं लागलं असतं.

पुलगाव आल्यावर माझा बांध फुटला. आपल्या जिल्ह्याची सीमा लागल्यावर मला हिंमत येते. आत्या, मामेभाऊ, साडू, काका, एकेकाला धरून बोललो. या लोकांनी आपली सुट्टी खाल्ली, हिचा समुद्र खाल्ला, यांना काही समजतं की नाही, यापुढे कोणाच्या दारात पाय ठेवणार नाही. स्टिअरिंगवर हातही आपटला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मले त्याईचा राग नाई. ते आपापल्या घरी बलावूनच राह्यले होते. नाई म्हनाचं काम तुमचं होतं. दिवाळीत मी अन् पोरगी रेल्वेनं जातो. तुमी घरीच राहा, अन् कोनी आलं तर जेवू घालजा."