दुर्वाची दोन जेवणं

वजनकाटा मागच्या वेळेपेक्षा सातशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मी दुर्वाला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा उभं केलं. आकडा तोच.

"मॅडम, चार्टबाहेर एक घास दिला नाही," तिची आई सुजाता म्हणाली आणि पर्समधून वही काढली. रोज काय खाल्लं ते लिहायला मीच सांगितलं होतं. ओट्स, सूप, उकडलेले मूग. वाचताना मलाच कंटाळा आला. नऊ वर्षांची दुर्वा खाली बघत एका पायाने दुसऱ्या पायाची बोटं दाबत होती.

पनवेलमध्ये मुलांच्या एका डॉक्टरांकडे मी आठवड्यातून तीन दिवस डाएटिशियन म्हणून बसते. मुलांना डाएटवर ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यांचं वजन उतरवतात. मुलांचं, काही आजार नसेल तर, बहुतेक वेळा आहे तिथे थोपवून धरतात. उंची वाढते आणि अंग आपोआप जुळतं. ते बघायला ग्रोथ चार्ट असतो, म्हणजे वय, उंची आणि वजनाचा आलेख. दुर्वाचं वजन त्यात जरा वर होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मग मी डाएट दिलाच कशाला? पहिल्या दिवशी सुजाता हटून बसली, "काहीतरी लिहून द्याच." जासईकडच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात ती नोकरी करते, हाफ डे टाकून आली होती. तिला रिकाम्या हाताने पाठवायचं माझ्या जिवावर आलं. ड्रॉवरमध्ये छापील चार्टांचा गठ्ठा होताच. रात्री भात-भाकरी बंद, असा कागद मी एका आगरी घराला दिला. माझी अक्कल!

घाई होती हळदीची. मेमध्ये दुर्वाच्या मावशीचं लग्न होतं, आणि त्यांच्याकडे खरी मजा हळदीला. गेल्या वर्षी अशाच एका हळदीत दुर्वा मनसोक्त नाचली, आणि त्या नाचाच्या व्हिडिओखाली कुणा नातेवाइकाने तिला 'टेम्पो' म्हटलं. तेव्हापासून सुजाताची अट होती: वजन उतरलं तरच नाचायचं.

"शाळेतून आल्यावर घरी कोण असतं?" मी विचारलं.

"सासूबाई. पण त्या काही देत नाहीत. सातला त्यांची सिरीयल लागली की त्यांना जगाची शुद्ध नसते, ऑफिसातून फोन केला तरी मागे टीव्हीच ऐकू येतो. मी आठला पोचते तेव्हा दोघी टीव्हीसमोरच असतात."

"पुढच्या वेळी त्यांनाही आणा."

आजी आल्या त्या तोंड फुगवूनच. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. थेट खाण्याचं विचारलं असतं तर त्या बोलल्या नसत्या, म्हणून मी विचारलं, कोणती सिरीयल बघता? त्यांनी नाव सांगितलं. मीही तीच बघते. पहिलं वर्ष फार छान होतं. नोकरी करणारी साधी नायिका, माणसांसारखं बोलणं. मग तिची स्मृती गेली. आली. परत गेली. आता हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी आली आहे, आणि दाराची बेल वाजली की दार उघडायला तीन भाग लागतात.

"अजून बघवते तुम्हाला?" मी विचारलं.

"कसली बघते! पार वाट लागली तिची. नुसता आवाज मोटा करते न टीवीकडं तोंड करून बसते."

"का?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तवा पोर जेवते."

रोज सातला, सिरीयलच्या आवाजात, आजींच्या ताटातून दुर्वाला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण मिळत होतं. आठला सुजाता आली की पोरगी मुकाट्याने सूप आणि मूगही संपवायची. आजी पकडल्या जाऊ नयेत म्हणून.

सुजाता लाल झाली. "आणि मी वही लिहीत बसले होते!"

"सूप पिऊन पोर भुकेली झोपंल, तर मला घास उतरंल काय?" आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "न तुमी दर पंदरा दिसांनी नवीन कागद देता. गोष्ट तितंच. शिरेलसारखी."

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

तेवढ्यात दुर्वा बोलली. चार भेटींत पहिल्यांदा. "आई, मी हळदीत नाही नाचणार. पण वही नको."

"अगं, नाचू नको असं मी कधी..." सुजाताने सुरुवात केली आणि थांबली. म्हटलं होतं ना तिनेच. तिने ओढणी डोळ्यांना लावली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मी तिन्ही चार्ट मागून घेतले, फाडले आणि तोंडीच सांगितलं: शाळेतून आल्यावर पोटभर खाणं. आठला सगळ्यांनी एकत्र, एकच जेवण, टीव्ही बंद. घरात शिजतं तेच, सोबत भाजी.

"भाकरी किती ग्रॅम?" सुजाताने विचारलं.

"भूक असेल तेवढी. आणि नाचायची अट आत्ताच काढा, माझ्यासमोर."

तिने काढली. दुर्वाने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे. खरं वाटत नव्हतं तिला.

जूनमध्ये त्या तिघी परत आल्या. उंची दीड सेंटिमीटर वाढली होती, वजन होतं तिथेच. मला हवं होतं तेच. सुजाताने फोनवर हळदीचा व्हिडिओ दाखवला. बेंजोवाल्यांच्या अगदी पुढ्यात दुर्वा नाचत होती, आणि शेजारी आजी. खाली कुणी काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. आजींनी सिरीयल सोडली आहे. मी अजून बघते, का ते विचारू नका.

आता नव्या मुलाच्या फाइलवर मी वजनाच्या आधी लिहिते, घरी जेवायला कोण वाढतं. आणि छापील चार्टांचा गठ्ठा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मागची बाजू कोरी आहे, थांबलेली मुलं तिच्यावर चित्रं काढतात.